नवरदेवाची आंघोळ

माझे वडील दिवसभर जिवंत माणसांना झोपवत आणि घरी आल्यावर मातीच्या माणसांची धूळ काढत. बाबा भूलतज्ज्ञ होते. चंदीगढच्या एका मोठ्या सरकारी इस्पितळात त्यांची नोकरी, तिथलंच क्वार्टर, आणि क्वार्टरच्या बैठकीच्या खोलीत भिंतभर काचेचं कपाट. आईनं ते कपाट लग्नानंतर कपबश्यांसाठी करून घेतलं होतं. कपबश्या स्वयंपाकघरात एकमेकींच्या डोक्यावर बसल्या आणि कपाटात बाबांची माणसं राहायला आली. वीतभर उंचीची, मातीची, हातानं रंगवलेली जुनी माणसं. खांद्याला थैली लावलेला पोस्टमन, वस्तरा उगारून बसलेला न्हावी, बांगड्यांची माळ हातात घेतलेली कासारीण, मांडी थोपटणारा पहिलवान, घोडा हरवलेला टांगेवाला. बाबा विद्यार्थी असल्यापासून जुन्या बाजारांतून आणि मोडीत निघालेल्या घरांतून ती गोळा करत आले होते. आमच्याकडे पहिल्यांदा आलेला माणूस बसायच्या आधी कपाटापाशी जाई आणि हमखास विचारी, "ये सब बिकाऊ है क्या जी?" बाबांचा चेहरा असा होई की आईला लगेच चहाचं आधण ठेवावं लागे.

चंदीगढची धूळ ज्यांना माहीत नाही त्यांना मी काय सांगणार. शहर आखीव, रस्ते सरळ, झाडं रांगेत, आणि या सगळ्यावर मार्चपासून पावसापर्यंत पिठासारखी बारीक धूळ. ती बंद खिडकीतून येते, बंद कपाटात जाते. म्हणून दर रविवारी सकाळी पोहे झाले की बाबा अंगठी आणि घड्याळ काढून ठेवत, हात धुऊन कोरडे करत आणि जेवणाच्या टेबलावर जाड टॉवेलाची घडी पसरत. निसटलंच तर माणूस टॉवेलावर पडावा म्हणून. मी शेजारी बसायची. मूर्ती उचलायची ती एक हात बुडाखाली आणि एक पाठीशी धरून. हात, काठी, वस्तरा असं बाहेर आलेलं काही धरायचं नाही, कारण जुन्या मातीला पहिला दगा तिथंच बसतो. सेक्टर बावीसमधल्या रंगांच्या दुकानातून आणलेला खारीच्या केसांचा रुंद ब्रश, तो डोक्यापासून पायांकडे हलकेच फिरवायचा. पगडीच्या चुण्यांत, बोटांच्या फटींत ब्रश पोचला नाही तर कॅमेऱ्याची काच साफ करायचा रबरी फुगा दाबून लांबून वारा द्यायचा. तोंडानं फुंकायचं नाही, थुंकीचे तुषार उडतात. फडकं तर नाहीच, त्याचा धागा सुटलेल्या रंगात अडकतो आणि पोपडा घेऊन निघतो. आणि पाणी? पाण्याचं नावही टेबलावर काढायचं नाही. "यांचे रंग डिंकात कालवलेले असतात," बाबा म्हणायचे. "पाणी लागलं की डिंक विरघळतो. मग माणूस उरतो, चेहरा उरत नाही." एकदा मी म्हटलं, "बाबा, धूल झटकनी ही तो है, इतना क्या?" तर म्हणाले, "झटकायची नाही. उचलायची."

मी तेव्हा असंच बोलायची. मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र हिंदीत, नाहीतर इंग्रजीत. आज हे मराठीत लिहिते आहे त्याचं श्रेय माझ्या आत्याला, आणि या प्रकरणातला सगळा गोंधळही तिचाच.

तर, कपाटातल्या सर्वांत वरच्या कप्प्यात मधोमध नवरदेव उभा होता. लाल पगडी, कपाळावर मुंडावळ्या, खांद्यावर उपरणं, हातात नारळ आणि मिशा अशा की दोन्ही टोकं गालांवर वेलांटीसारखी वळलेली. त्याच्या बैठकीखाली कारागिरानं कोरलेलं एक छोटं कमळ होतं. बाबांच्या मते हा जोडीतला एक. या कारागिरानं नवरदेव केला म्हणजे नवरी केलीच असणार, आणि ती कुठंतरी असणार. वर्षानुवर्षं बाबा तिला शोधत होते. दुसरे बाप मुलीला स्थळं शोधतात, माझे वडील नवरदेवाला नवरी शोधत होते. आई म्हणायची, "वेळ आहे तोवर मृणालसाठीसुद्धा एखादा दिसतो का बघा."

नवरी सापडली ती ऑपरेशन थिएटरात. ढिल्लों आंटी गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी आल्या होत्या. फौजी अधिकाऱ्याची विधवा, सेक्टर आठमध्ये मोठ्या घरात एकट्या, आवाज परेड ग्राउंडवर शोभेल असा. भूल देण्याआधी पेशंटचं मन गुंतवायला बाबा नेहमी विचारत, घरात काय आवडतं तुम्हाला? आंटी म्हणाल्या, बागेतले गुलाब, आणि माझ्या साहेबांनी पुण्याच्या पोस्टिंगला असताना आणलेली मातीची नवरी. बाबांच्या हातात सुई होती. त्यांनी विचारलं, "नीचे कोई निशान है?" आंटी म्हणाल्या, "हां जी, एक छोटा सा क..." आणि झोपल्या. बाबांनी औषध आधीच सोडलं होतं. शस्त्रक्रिया चालू असेपर्यंत बाबा त्या 'क'वर उभे होते. जाग आल्यावर आंटींनी पहिला शब्द काढला तो "पानी". दुसरा बाबांनी काढायला लावला. कमळच होतं.

त्यानंतर जे सुरू झालं ते एखाद्या सोयरिकीसारखंच होतं. दर आठवड्याला फोन. नवरी विकणार नाही, हे आंटींनी पहिल्याच दिवशी सांगितलं. मग पाहायला येऊ का, या बाबांच्या प्रश्नावर कधी गुडघा, कधी गुलाब, कधी पाहुणे आडवे येत. थंडी संपली, धुकं गेलं, अमलताश, म्हणजे आपला बहावा, पिवळा झाला, तरी मुलगी काही दाखवेनात. आणि मे महिन्यात अचानक त्यांचाच फोन आला. येत्या रविवारी मी तुमच्याकडे येते, तुमचा मुंडा पाहते, घर पाहते, तुम्ही माणसं कशी सांभाळता ते पाहते. सगळं पसंत पडलं तर साडी कुडी तुमच्या घरी.

फोन स्पीकरवर होता आणि आत्या तिथंच शेंगदाणे सोलत बसली होती. ती कराडहून उन्हाळ्यासाठी आली होती, सोबत ज्वारीचं पीठ, चटण्या आणि 'या मुलीची जीभ सुधारायची' हा निश्चय घेऊन. तिनं बाबांना विचारलं, "नंदू, साडी आणि कुडी दोन्ही देणार म्हणतात? मग आपण काय द्यायचं?" पंजाबीत मुंडा म्हणजे मुलगा आणि साडी कुडी म्हणजे 'आमची मुलगी', हे कळल्यावरही तिचं मत बदललं नाही. सून घरी यायची आणि आपण ओटीसुद्धा भरायची नाही, हे काय बोलणं झालं?

आत्या बाबांहून बरीच मोठी. आजी लवकर गेली, तेव्हा बाबांना आत्यानंच वाढवलं. न्हाऊमाखू घातलं, शाळेत पोचवलं, दोन वेळा ताटावर बसवलं. बाबा तिला अक्का म्हणत, आणि तिच्यापुढं ते इतके सज्जन होत की आम्हालाच संकोच वाटे. आमटी खारट झाली तरी दुसऱ्यांदा वाढून घेत. मला आणि आईला सुनावणारा हा माणूस अक्कापुढं कधी एक शब्द उलटा बोलला नाही. मला हे फार थोर वाटायचं. आत्याला तसं वाटत नव्हतं, हे मला पुढं कळलं.

शनिवारी सकाळी बाबांनी नवरदेवाला कपाटातून काढलं, टॉवेलावर घेतलं आणि शेवटचा हात फिरवायला बसले. तेवढ्यात इस्पितळातून बोलावणं आलं. त्यांनी नवरदेवाला तिथंच ठेवून वर जेवणावर झाकतो ती बारीक जाळी झाकली आणि निघून गेले. आई ती शिकवायची त्या शाळेत पालकसभेला, मी कॉलेजात परीक्षेला. घरात आत्या एकटी. आणि दुपारी आंधी आली.

उत्तरेकडची आंधी आत्यानं तोवर पाहिली नव्हती. आधी उजेड पिवळा होतो, मग तांबूस, पाखरं गप्प होतात, आणि मग सगळं आकाश जमिनीवर उतरतं. ती खिडक्या लावायला धावली तोवर घर मातीनं भरलं होतं. जाळीनं माश्या अडतात, आंधी अडत नाही. तिनं जाळी उचलली तर नवरदेव पगडीपासून जोड्यापर्यंत तपकिरी. उद्या मुलीकडचे येणार आणि मुलाचा हा अवतार! आत्यानं आयुष्यभर दर दिवाळीला देव उजळले होते. चिंच लावून, राख लावून, तबकातला बाळकृष्ण आरशासारखा करून ठेवणारी बाई ती. तिनं पदर खोचला.

मी घरी आले तेव्हा आंधी ओसरली होती आणि आत्या खुशीत भाकऱ्या थापत होती. "मागं बघ जा, तुझ्या बाबाचा नवरा मुलगा कसा लख्ख केलाय." मागच्या अंगणात, उन्हात, चहाच्या गाळणीवर नवरदेव डोकं खाली, पाय वर असा सुकत होता. मी त्याला उचललं. एक हात बुडाखाली, एक पाठीशी. सुलटा केला. भुवया गेल्या होत्या, त्यामुळं तो कशाचं तरी भयंकर आश्चर्य वाटल्यासारखा बघत होता. उजवी मिशी साफ नाहीशी. डावी विरघळून गालावरून हनुवटीपर्यंत ओघळलेली, जणू कुणी त्याच्या तोंडावर आमटी सांडली आहे. पगडीचा लाल रंग कपाळावर उतरला होता आणि मुंडावळ्यांचा पत्ता नव्हता.

"आत्या," मी म्हटलं, "पाण्यानं?"

"मग काय तेलानं? रिठ्याचं पाणी केलं चांगलं. चिंच नाही लावली हो, मातीला चिंच लावायची नाही एवढी अक्कल आहे मला." मग तिनं माझा चेहरा पाहिला आणि तव्यावरची भाकरी उलटायची तशीच राहिली. तो करपल्याचा वास अजून माझ्या नाकात आहे.

बाबा संध्याकाळी आले. आम्ही तिघी बैठकीच्या खोलीत उभ्या होतो, घरात कुणी गेल्यावर उभं राहतात तशा. बाबांनी नवरदेवाला दिव्याखाली नेलं, फिरवून पाहिलं, बैठक पालथी करून कमळ पाहिलं. 

"पाणी गार होतं की कोमट?" बाबांनी विचारलं.

"कोमट," आत्या म्हणाली. "गारठा बाधेल म्हणून."

आई चटकन स्वयंपाकघरात गेली. ती रडायला गेली असं मला वाटलं. मी मागोमाग गेले तर ती ओट्याला धरून, तोंडात पदर कोंबून हसत होती. बाबा मात्र हसले नाहीत, रागावलेही नाहीत. "असू दे, अक्का," एवढंच म्हणाले आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. जेवायला आले नाहीत.

आत्या त्या दारापाशी गेली. "नंदू, ओरड ना रे मेल्या माझ्यावर. आधी दार उघड आणि ओरड." आतून आवाज आला, "नको अक्का, तू जेवून घे." ती परत आली आणि तिनं पेटी काढली. लुगडी भरायला लागली. मी म्हटलं, "आत्या, मत जाओ ना," तर म्हणाली, "मराठीत बोल." मी म्हटलं, "नको जाऊ." ती पेटीशेजारी खाली बसली. "परक्या माणसाला असू दे म्हणतात गं. आपल्या माणसावर ओरडतात. तुझ्या आईवर, वैजूवर ओरडतो, तुझ्यावर ओरडतो. मला मात्र इतकी वर्षं पाहुणीसारखा वागवतोय." मग नाक पुसून म्हणाली, "त्यालाही मीच कोमट पाण्यानं आंघोळ घालायची. त्याचा नाही गेला रंग."

आज मी बाबांच्या तेव्हाच्या वयाची होत आले आहे, आयटी पार्कात काम करते, झिरकपूरला राहते, आणि माणसांशी फार चांगलं वागणाऱ्या माणसांची मला थोडी भीती वाटते. ती त्या संध्याकाळपासूनची.

रविवारी सकाळी बाबा फोन उचलून ढिल्लों आंटींना येऊ नका सांगणार होते. आईनं त्यांच्या हातातून फोन घेतला. "मुलाकडच्यांनी आयत्या वेळी असं करू नये. मी कांदे चिरलेत." आणि आंटी आल्याच. काठी टेकत, फिकट गुलाबी सूट, हातात स्टीलचा डबा. डबा त्यांनी आईला घेऊ दिला नाही, मांडीवरच ठेवला. सगळं घर नजरेनं तपासलं. कपाटापाशी उभं राहून बोटानं काचेची कड पुसून बोट पाहिलं. पहिलवानाला म्हणाल्या, "ओए होए!" पोहे खाऊन म्हणाल्या, "पुलाव बड़ा हल्का बना है जी." मग काठी जमिनीवर आपटली. "लाओ जी डॉक्टर साहब, मुंडा दिखाओ."

बाबांनी नवरदेव टॉवेलावर आणून ठेवला. "मॅडम, एक बात पहले बतानी थी," ते म्हणाले. "लड़के में दोष आ गया है. कल ही." आंटींनी चष्मा लावला. पाहिलं. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "हाय रब्बा. इसको हुआ क्या?" बाबा म्हणाले, "आंधी." तेवढ्यात, बाहेर येऊ नकोस असं आईनं बजावलेलं असतानाही, आत्या दारात येऊन उभी राहिली. "आंधी नाही हो," ती आपल्या हिंदीत म्हणाली, "मैंने धोया. रीठा लगाके. मेरा चुक्या है, इसका नहीं."

 आंटी डब्याच्या झाकणावर हात ठेवून बसून राहिल्या. मला वाटलं, झालं, आता उठून जाणार. बाबांनाही तेच वाटलं असावं, कारण त्यांनी नवरदेव उचलायला हात पुढं केला. पण आंटींनी झाकण काढलं, मलमलीची एक घडी उलगडली, दुसरी उलगडली, आणि साडी कुडी टॉवेलावर उभी केली. हिरवी नऊवारी, कपाळावर आडवी चिरी, पापण्या खाली. तिला नवरदेवाशेजारी पाहताच बाबांच्या घशातून एक आवाज आला. उंची तीच, हात तसाच, नारळ तोच. कुणालाही कळलं असतं, ही दोघं एकाच हातानं घडलेली. नवरीच्या नाकात मोत्यांची नथ होती. खरी, म्हणजे रंगवलेली नव्हे, तारेची, चेहऱ्याच्या मानानं भलतीच मोठी.

आत्या जवळ आली. वाकली. "नथ उजवीकडे?" ती मराठीतच म्हणाली. "आमच्याकडे नथ डावीकडे घालतात. नवरीला कुणी घातली ही? आणि... अगं बाई, हिला नाकच नाही!"

मी भाषांतर करायची गरज पडली नाही. ढिल्लों आंटी लाल झाल्या. परेड ग्राउंडचा आवाज एकदम बारीक झाला. साहेब सरहद्दीवर असताना त्यांनी नवरीला टर्किश टॉवेलानं पुसलं होतं. टॉवेलाचा धागा नाकात अडकला आणि नाक टॉवेलाबरोबर गेलं. शोधून मिळालं नाही, बहुधा धुण्यात गेलं. मग त्यांनी मेणबत्तीचं मेण लावलं आणि ते झाकायला स्वतःच्या डुलाची नथ केली. साहेब परत आले, म्हणाले, "बड़ी सुंदर लग रही है." पुढं ते गेले, पण त्यांना कधी कळलं नाही. "इसी लिए तो दिखा नहीं रही थी, डॉक्टर साहब," आंटी म्हणाल्या. "आपका मुंडा इतना सोहणा, फोटो में देखा था. मैंने सोचा, बिना नाक की कुडी कौन ले जाएगा? अब इसको देखके," त्यांनी नवरदेवाकडे बोट केलं, "तसल्ली हो गई."

पहिली हसली आई, आदल्या दिवसाचं उरलेलं सगळं घेऊन. मग मी. आंटी तर डोळे पुसायला लागल्या. बाबा अजून नवरीच्या उजव्या हाताची नखं पाहत होते. "मॅडम, रिश्ता पक्का?" आईनं विचारलं. "पक्का जी, पक्का," आंटी म्हणाल्या, पण हे म्हणताना त्यांनी मलमल उचलून पुन्हा मांडीवर घेतली आणि तिच्या घड्या घालत राहिल्या. नवरीकडे पाहत नव्हत्या. मला तेव्हा काही उमगलं नाही. आत्याला उमगलं. ती स्वतः एकटी राहणारी बाई होती.

"बहनजी," आत्या म्हणाली, "लड़की नहीं देना. आप अकेला है. हमारा लड़का तुमको देता. घरजावई. ले जाव."

"अक्का!"

इस्पितळाच्या क्वार्टरांत इतका मोठा आवाज कुणी काढत नसे. न्हाव्याचा वस्तरा थरथरला असं मला आजही वाटतं. बाबा उभे होते, कानांपर्यंत लाल. "अक्का, तुला विचारलं का कुणी? काल त्याला आंघोळ घातलीस, आज देऊन टाकतेस? माझा आहे तो! लहानपणी माझ्या गोट्या, माझा भोवरा, माझा पतंग, जे असेल ते उचलून शेजाऱ्यांना द्यायचीस! कोमट पाणी म्हणे! मातीला सर्दी होते का? होते का सर्दी?" ते ओरडत राहिले, श्वास संपेपर्यंत. मी आत्याकडे पाहिलं. ती खाली मान घालून ऐकत होती, आणि तिचा चेहरा असा दिसत होता की जणू कुणीतरी तिच्यासाठी गाणं म्हणत आहे.

बाबा थांबले. त्यांनी टॉवेलावरच्या दोघांकडे पाहिलं, मग ढिल्लों आंटींकडे, ज्या मलमलीची तीच घडी पुन्हा मोडून पुन्हा घालत होत्या. खुर्ची ओढून बसले. मग अगदी साध्या आवाजात आंटींना म्हणाले, "डब्बा दोनों के लिए छोटा पड़ेगा."

मोठा डबा आईनं दिला, लाडवांचा. बाबांनी स्वतः दोघांना मलमलीत गुंडाळलं, मध्ये कापूस भरला, गाडीपर्यंत स्वतः नेलं, आणि खिडकीत वाकून सांगत राहिले. उन्हात ठेवायचं नाही, उचलायचं तर बुडाखाली हात, ब्रश मी आणून देईन, फडकं नाही, मिशीला नवा रंग लावायला कुणी सांगितलं तरी लावायचा नाही. आंटींनी काच वर करता करता म्हटलं, "डॉक्टर साहब, दामाद ले जा रही हूं, बम नहीं." पुढं दर महिन्याला एका रविवारी बाबा आणि मी ब्रश घेऊन सेक्टर आठला जात राहिलो. आंटी तेवढा वेळ बाबांच्या मागं उभ्या राहत आणि जावयाचं नाव कुणी काढलं की मिशा का नाहीत ते खुलासेवार सांगत, आंधीच्या नावावर.

आत्यानं पेटी रिकामी केली आणि पाऊस पडेपर्यंत राहिली. त्या दिवसापासून बाबा तिच्याशी रोज भांडले. आमटी खारट आहे, पंखा का बंद केलास, माझा चष्मा कुठं ठेवलास, पेपरावर शेंगदाणे का सोललेस. ती प्रत्येक वेळी तितक्याच मोठ्यानं उत्तर द्यायची, आणि दुसऱ्या दिवशी आमटीत आणखी चिमूटभर मीठ घालायची.